परतबाबाची घंटा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या त्या हॉलबाहेर दर मंगळवारी चपलांचा एवढा ढीग पडायचा, की लग्नाच्या मोसमातसुद्धा तिथे एवढ्या चपला कोणी पाहिल्या नव्हत्या. रिक्षावाले, पार्लरवाल्या, निवृत्त कारकून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले इंजिनिअर, उत्तनहून मासळी विकायला आलेल्या बाया, सगळे एकाच रांगेत उभे. आणि प्रत्येकाच्या हातात, प्रसादाची वाटी धरावी तसं दोन्ही हातांनी धरलेलं एक डेबिट कार्ड. आत चंदेरी चौरंगावर परतबाबा बसलेले असत.

बाबांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या कृपेने पैसा परत येतो म्हणून ते परतबाबा. चमत्कार असा, की आपलं कार्ड बाबांपुढच्या तबकात, झेंडूच्या पाकळ्यांवर ठेवायचं. बाबा डोळे मिटणार, ओठांत काहीतरी पुटपुटणार आणि शेजारची पितळी घंटा जोरात हलवणार. घंटेचा नाद विरतो न विरतो तोच भक्ताच्या मोबाईलवर निरोप हजर: अभिनंदन, आपल्या खात्यात कॅशबॅक जमा! कोणाला दोनशे, कोणाला सव्वादोनशे. काही विकत घेतलं नाही, कुठे काम केलं नाही, आणि पैसे आले. मग जयजयकार व्हायचा, बायका पदराने डोळे पुसायच्या.

“माई, जाती हुई लक्ष्मी को मत देखो,” बाबा मायक्रोफोनवर सांगत. “तिच्या पाठीला नजर लागते. आती हुई लक्ष्मी को देखो.” कॅथलिक बाई समोर आली की लक्ष्मीच्या जागी मदर मेरीची कृपा यायची. बाबांचा कोणत्याच धर्माशी वाद नव्हता. कार्ड चालू असलं म्हणजे झालं.

उत्तनच्या शाळेत विज्ञान शिकवणारी फ्लेव्हिया हे सगळं ऐकून होती आणि हसण्यावारी नेत होती. तिचं हसू आटलं ते डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर.

तिची आई गर्ट्रूड मीरा रोडच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकं सुट्टे पैसे बाळगेनाशी झाली, तेव्हा तिनेही मोबाईलवर खातं उघडलं. बँकेचं नाव टिचकी. ना शाखा, ना पासबुक, ना डबा खात बसलेला कॅशियर. सगळा कारभार एका ॲपमध्ये. बोंबील-पापलेटाचे पैसे थेट खात्यात पडू लागले आणि तिथेच साठत गेले. ते पैसे गर्ट्रूडच्या डोळ्यांसाठी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि डाव्यात काचबिंदूची सुरुवात दिसते, लवकर या, असं डॉक्टर वर्षापूर्वीच बजावून बसले होते.

त्या दिवशी काउंटरवर कार्ड लावलं, तर पैसे अपुरे. पुन्हा लावलं, पुन्हा अपुरे. फ्लेव्हियाने आईचा मोबाईल उघडला आणि खात्यातला हिशोब वर सरकवत गेली. ओळीमागून ओळ एकाच दुकानाचं नाव होतं: चरणरज फुटवेअर. दर मंगळवारी चार हजार, साडेचार हजार, आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं चिमूटभर कॅशबॅक.

“आय,” तिने विचारलं, “तू चपला घेतल्यास?”

गर्ट्रूडने पायांकडे बोट केलं. एका रबरी चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तो सेफ्टी पिनेने अडकवला होता.

त्याच दुपारी डॉक्टरांनी डोळे तपासले. उजवा वाचेल, म्हणाले. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. डाव्या डोळ्यातली नस मात्र सुकली होती. सहा महिने आधी आला असतात तर, एवढं बोलून ते कागदावर लिहायला लागले. सहा महिने आधी गर्ट्रूड येणारच होती, पण बाबा म्हणाले होते, लक्ष्मी अजून फळते आहे, सणापर्यंत खात्याला हात लावू नका. आणि तिने हात लावला नव्हता.

घरी येताना, उत्तनच्या बसमध्ये, हळूहळू सगळं बाहेर आलं. उत्तनमध्ये नवी होडी आशीर्वादाशिवाय पाण्यात जात नाही. नवं इंजिन, नवं जाळं, सगळ्यावर फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. न शिंपडलेली वस्तू वापरायची म्हणजे समुद्राच्या तोंडी जायचं, हे गर्ट्रूडच्या हाडीमाशी मुरलेलं. कार्ड आलं तेव्हा तीही ते घेऊन चर्चमध्ये गेली होती. फादर हसले. म्हणाले, गर्ट्रूड, हे काय समुद्रात जाणार आहे? जा, खुशाल वापर. तिला ते पटलं नाही. सगळी कमाई ज्या एवढ्याशा पत्र्यावर तरंगायची, त्यावर पाण्याचा एक थेंब नाही, म्हणून ती महिनाभर रोज क्रूसाची खूण करून मगच कार्ड बटव्यात ठेवायची. अशात तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक सुचेताने सांगितलं की बेव्हर्ली पार्कात एक बाबा कार्डांनाच आशीर्वाद देतात. सुचेता दादरहून इकडे राहायला आलेली, नवरा शशिकांत विमा कंपनीतून निवृत्त, घरात पेपर येणारा. अशी बाई खोटं कशाला सांगेल, असं गर्ट्रूडला वाटलं.

“पन कार्ड मी कुनाच्या हातात दिला न्हाय,” ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. “तबकात मीच ठेवला, मीच उचलला. नंबर कुनाला सांगला न्हाय गो.”

फ्लेव्हियाने तिच्यावर विश्वास ठेवला. आणि त्याच क्षणी तिला त्या माणसाचा इतका संताप आला, की हातातल्या बसच्या तिकिटाची चुरगळून गोळी झाली. नुसते पैसे गेले असते तर ती रडली असती, भांडली असती. पण डोळा गेला होता. तो माणूस आईच्या डाव्या डोळ्यावर पोट भरत होता आणि वर आईकडूनच पाया पडून घेत होता.

तिने आधी सरळ मार्ग धरला. टिचकी बँकेत तक्रार करायची तर तिथे माणूसच नव्हता. ॲपमधल्या यंत्राने लिहिलं, आम्हाला आपल्या भावना समजतात. तिने सगळं पुन्हा लिहिलं. यंत्राने सांगितलं, व्यवहार आपल्याच कार्डाने झालेला आहे, आपला दिवस आनंदात जावो. पोलीस चौकीत हवालदाराने नीट ऐकून घेतलं, अर्जही घेतला. पण म्हणाला, मॅडम, तुमची आई स्वतः कार्ड ठेवते, अजून एकही माणूस तक्रार घेऊन आलेला नाही, त्याने घेतले कसे ते दाखवा. ते दाखवायचं फ्लेव्हियाने मनाशी पक्कं केलं. आणि खरं सांगायचं तर तिला बाबाला नुसतं आत टाकायचं नव्हतं. त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर, त्याच चौरंगावरून त्याला उतरवायचं होतं. आई जिथे पाया पडली होती तिथे.

तिने टिचकीत नवं खातं उघडलं आणि पुढच्या मंगळवारी रांगेत उभी राहिली. दारात पिंकी नावाची बाई बसायची, बाबांची व्यवस्थापक. ती सगळ्यांचे मोबाईल मखमली टोपलीत जमा करून घ्यायची, कारण म्हणे मोबाईलच्या लहरी दैवी लहरींना आडव्या येतात. लहरींवर वर्गात दोन धडे शिकवणाऱ्या फ्लेव्हियाने मुकाट्याने मोबाईल दिला. टोपली बाबांच्या पायाशी गेली; घंटेनंतर पिंकीच त्यातून ज्याचा त्याचा मोबाईल उचलून कॅशबॅकचा निरोप सगळ्यांना दाखवायची.

तिचं कार्ड तबकात पडलं. घंटा वाजली. काहीच झालं नाही. बाबांनी कार्ड पाकळ्यांवर जरा सरकवलं, पुन्हा घंटा वाजवली. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “बेटी, तुमचं कार्ड झोपलंय. त्याला जागवलं नाही कोणी.”

कार्ड जागवायचं काम पिंकीचं. तिने फ्लेव्हियाकडून मोबाईल उघडून घेतला, ॲपमध्ये शिरली आणि अंगठ्याने एक बटण सरकवलं. तिच्या खांद्यावरून फ्लेव्हियाने वाचलं. नुसता स्पर्श करून पैसे देण्याची सोय: चालू. नव्या कार्डावर ही सोय बंद असते, मालकाने चालू करावी लागते. एकदा चालू केली, की पाच हजारांपर्यंत ना गुप्त आकडा लागतो ना सही; कार्ड मशीनजवळ नेलं की काम झालं. एवढंच त्या जागवण्याचं गूढ होतं.

आता कार्ड पुन्हा तबकात गेलं आणि घंटा वाजली. पण फ्लेव्हिया घंटा ऐकतच नव्हती. घंटेच्या खाली, पाकळ्यांच्याही खाली, दुकानात मशीन वाजतं तसा बारीकसा आवाज झाला, तो तिने बरोबर पकडला. घंटा त्याच्यावर पांघरूण घालायला होती. बाहेर पडताना पिंकीने मोबाईल परत दिला तेव्हा पडद्यावर फक्त कॅशबॅकचा निरोप होता. पैसे गेल्याचा निरोप तिने पुसून टाकला होता. खात्यातून मात्र चार हजार गेले होते, चरणरज फुटवेअरमध्ये. ते पैसे फ्लेव्हियाने शिकवणीची फी म्हणून सोडून दिले.

बाहेर सुचेता भेटली. फ्लेव्हियाने तिला खात्यातली ती ओळ दाखवली. सुचेता म्हणाली की तिच्याही खात्यातून तसे गेले होते, शशिकांतने पहिल्याच महिन्यात पाहिलेही होते. पण बाबा म्हणाले श्रद्धा कमी पडली म्हणून लक्ष्मी रुसली, आणि आता कोणत्या तोंडाने सांगायचं की आपण फसलो.

“तुम्ही गप्प राहिलात,” फ्लेव्हिया म्हणाली, “आणि त्यानंतर माझ्या आईला इथे पाठवलंत?”

सुचेता ढिगात आपल्या चपला शोधायला लागली. फ्लेव्हियाला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ते न करता ती म्हणाली, “पुढच्या मंगळवारी या. नवऱ्याला घेऊन या. पहिल्या रांगेत बसा.”

तो आठवडा फ्लेव्हिया शाळा सुटल्यावर रोज बाजारात जाऊन बसली. तिथे शेवंती आणि चंपा या दोघी गर्ट्रूडच्या शेजारणी, त्यांचीही कार्डं जागवलेली. फ्लेव्हियाने तिघींच्या मोबाईलवर तीन गोष्टी केल्या. स्पर्शाने पैसे जाण्याची मर्यादा पन्नास रुपयांवर आणली. बँकेचे निरोप मराठीत यावेत अशी सोय केली. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आलेला निरोप मोठ्याने वाचून दाखवणारं एक ॲप घातलं, आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून. मोबाईलची घंटी बंद केली तरी हा वाचणारा आवाज बंद होत नाही, हे तिने दहा वेळा करून बघितलं.

चंपाला तरीही धीर होईना. खरे बाबा असले तर शाप लागेल, म्हणाली. गर्ट्रूड पापलेट साफ करत होती. मान वर न करता ती बोलली, “मना लागलाय तो काय हाय मग?” चंपा म्हणाली, येते मंगळवारी.

मंगळवारी हॉल भरला. सुचेता आणि शशिकांत पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. तक्रार नोंदवून घेणाऱ्या हवालदारालाही फ्लेव्हियाने बोलावलं होतं; तो साध्या शर्टात मागे भिंतीला टेकून उभा होता. पिंकीने मोबाईल गोळा केले, एकेकाची घंटी बंद केली आणि टोपली बाबांच्या पायाशी, मायक्रोफोनच्या दांड्याला टेकून ठेवली. फ्लेव्हियाने देवाचे आभार मानले. मायक्रोफोनचा विचार तिनेही केला नव्हता.

गर्ट्रूड मुलीचा हात धरून पुढे गेली आणि तिने चाचपडत कार्ड पाकळ्यांवर ठेवलं. बाबा म्हणाले, “आ गयी, माई? आती हुई लक्ष्मी को देखो,” आणि त्यांनी घंटा हलवली. नाद विरला. हॉल नेहमीसारखा कॅशबॅकची वाट बघू लागला.

टोपलीतून एक बाई शांतपणे, स्पष्ट मराठीत बोलली.

“चरणरज फुटवेअर यांनी आपल्या कार्डावर चार हजार पाचशे रुपये मागितले. मर्यादेपेक्षा जास्त असल्याने नाकारले.”

मायक्रोफोनने ते हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलं. बाबांचा हात घंटेवर तसाच राहिला. मग ते हसले आणि म्हणाले, ही मायेची वाणी आहे, मायेकडे लक्ष देऊ नका, पुढे या. पुढे शेवंती आली. बाबांनी या वेळी घंटा जास्तच जोरात वाजवली. घंटा थांबली, आणि टोपलीतून तीच बाई पुन्हा बोलली. चरणरज फुटवेअर. तीन हजार. नाकारले. चंपाने तर आपली पाळी यायचीही वाट पाहिली नाही, शेवंतीच्या कार्डावरच आपलं कार्ड टाकलं. आता निरोपावर निरोप येऊ लागले, बाबा घाईघाईने कार्डं बाजूला सारताहेत, मशीन घोटाळतंय, आणि टोपली एकसारखी चपलांच्या दुकानाचं नाव घेतेय. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसणं सगळीकडे पसरलं आणि मग एकदम थांबलं, कारण लोकांना कळायला लागलं होतं.

पिंकी टोपलीकडे झेपावली. शशिकांत उठला आणि तिच्या आणि टोपलीच्या मध्ये येऊन उभा राहिला. निवृत्तीनंतर त्याने केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम असावं.

फ्लेव्हियाने तबक दोन्ही हातांनी उचललं. पाकळ्या चौरंगावर सांडल्या. तबकाचा तळ पातळ प्लास्टिकचा होता, त्याला वरून चंदेरी रंग फासलेला, आणि त्याच्या खाली चौरंगात कोरलेल्या खाचेत किराणा दुकानात असतं तसं कार्डाचं मशीन निवांत बसलं होतं. तिने ते वर काढून सगळ्यांना दाखवलं.

माणसं उठली. पुढच्या दोघातिघांनी बाह्या सरसावल्या. बाबा चौरंगावर मागे सरकले. फ्लेव्हियाला क्षणभर वाटलं, होऊ दे. तुडवू दे याला. मग तिने मायक्रोफोन ओढून घेतला.

“कोणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “मार खाल्ला की हा हुतात्मा होईल, आणि दुसऱ्या गावात दुसरी घंटा वाजवेल. मला याच्याच तोंडून ऐकायचंय.” तिने मायक्रोफोन बाबांच्या तोंडासमोर धरला. “सांग. मंत्र नको. साध्या शब्दांत सांग.”

बाबा हवालदाराकडे बघत होते. हवालदार आता भिंत सोडून पुढे आला होता.

“मशीन आहे,” बाबा हळू म्हणाले.

“मोठ्याने.”

“मशीन आहे. कार्ड टेकलं की पैसे कटतात.”

“आणि परत येतात ते?”

“ते बँक देते. कोणीही खरेदी केली की शंभराला पाच देते. जाहिरात असते त्यांची.”

“आणि घंटा?”

“मशीनचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.”

फ्लेव्हियाने त्याला तेच पुन्हा हिंदीतून सांगायला लावलं, मागे बसलेल्यांना कळावं म्हणून. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी त्याचा आवाज खाली जात होता आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटत होतं, ते ती लपवत नव्हती. जो माणूस तासन्‌तास कृपेवर बोलायचा, त्याच्याकडे खरं बोलायला चार वाक्यंसुद्धा नव्हती.

मग ती हॉलकडे वळली. “तुम्हाला यात चमत्कार दिसला, कारण याने सांगितलं तेवढंच तुम्ही बघितलंत. आलेले दोनशे बघितले, गेलेले चार हजार नाही. गेलेला पैसा बघू नका असं सांगणारा बाबा असो, ॲप असो की सख्खा भाऊ, तो आपल्याला लुटणारच आहे. बँक फुकट काही देत नाही, देवही देत नाही. घरी जा, आपलं खातं उघडा आणि वाचा. वाचता येत नसेल तर वाचायला लावा. आणि फसला असाल तर लाज धरून गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की पुढचा माणूस रांगेत उभा राहतो.” शेवटचं वाक्य बोलताना ती पहिल्या रांगेकडे बघत होती. सुचेता उठली आणि हवालदाराकडे जाऊन म्हणाली, पहिली तक्रार माझी लिहा. तिच्यामागे रांग लागली, बाबांच्या रांगेपेक्षा मोठी.

गर्ट्रूडच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया शिक्षकांच्या पतपेढीच्या कर्जातून झाली. डोळा चांगला उघडला. ती पुन्हा बाजारात बसू लागली आणि तिला एक नवी सवय लागली. कोणी कौतुकाने मोबाईल पुढे करून कॅशबॅक दाखवला की ती विचारायची, “आला किती ता ऱ्हाऊ दे. गेला किती?” बरीच गिऱ्हाइकं तिथेच उभं राहून खातं चाळायची.

खटला ठाण्याला उभा राहिला. बाबांचं नाव पराग निघालं. पूर्वी मॉलच्या दारात उभं राहून कार्डांचे अर्ज भरून घ्यायचा. त्याच्याच नावावरच्या, नुसत्या कागदावरच्या चरणरज फुटवेअरच्या गोठवलेल्या खात्यातले लोकांचे पैसे थोडे थोडे परत येऊ लागले. फ्लेव्हिया म्हणाली, आय, तू कशाला येतेस, मी जाते तारखेला. पण गर्ट्रूडने ठेवणीतली साडी नेसली. डॉक्टरांनी पट्टी काढल्यापासून तिला एकच चेहरा बघायचा होता, आणि तो तिने अजून पाहिला नव्हता. ज्याच्या पायाशी ती वर्षभर वाकली, तो तिच्यासाठी धुक्यातला एक भगवा डाग होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाकावर बसला होता. दाढी काढलेली, चौकड्यांचा शर्ट. गर्ट्रूड त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वाकून, अगदी जवळून, तिने त्याचा चेहरा बघितला. कपाळ, नाक, ओठ, सगळं नीट बघितलं. ती थुंकेल असं वाटून त्याने तोंड बाजूला केलं.

“माई, माफ करा,” तो म्हणाला. “वकिलांनी सांगितलंय. तुमचा पैसा सगळा परत येईल.”

“पैसा येल,” गर्ट्रूड म्हणाली. तिने काळ्या चष्म्याची डावी काच बोटाने वाजवली. “परतबाबा ना तू? यो डोला कवा परत येल, ता सांग.”

त्याने मान खाली घातली. ती हलली नाही. शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा करीपर्यंत ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली, आणि उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली.